नकाशा, भाडेपट्टा आणि मीटर

कचेरीची इमारत ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. ती बांधतो एक, विकत घेतो दुसरा, भाड्याने वापरतो तिसरा, आणि तिच्यातील दिवे व थंड हवेची यंत्रे चालू-बंद करतो चौथाच कोणी तरी. घराचे तसे नसते. घरात ज्याच्या खिशातून विजेचे बिल जाते त्याच्याच हाताशी बटण असते. म्हणून कोणी कायदा केलेला नसतानाही घरातील वडील माणूस रात्री झोपण्यापूर्वी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारतो आणि विनाकारण जळणारे दिवे मालवतो. कचेरीत ही फेरी मारावयाची कोणी? गेल्या पाव शतकात निरनिराळ्या देशांनी कचेऱ्यांच्या विजेसंबंधी जे कायदे केले, ती या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत, असे आम्हांस वाटते.

कायद्याला बोट ठेवण्यासाठी तीन जागा सापडल्या. पहिली इमारतीचा नकाशा, दुसरी भाडेपट्टा आणि तिसरी विजेचे मीटर. कोणत्या जागी बोट ठेवले असता काय घडते, हे आज पाहावयाचे आहे. विषय वरवर पाहता इंजिनियर मंडळींचा वाटेल. पण शेवटी ही विजेच्या बिलाची आणि भाड्याची गोष्ट आहे, आणि ती प्रत्येकाला कळण्यासारखी आहे.

प्रथम कचेरीत वीज जाते कोठे ते पाहू. दिवे, संगणक, लिफ्ट आणि पाण्याचे पंप ही नेहमीची मंडळी आहेतच. परंतु मुंबईसारख्या दमट गावी, जेथे सबंध कचेरी वातानुकूलित असते तेथे, सर्वांत मोठा वाटेकरी म्हणजे हवा थंड करणारे यंत्र. वसंत व्याख्यानमालेचे दिवस हे उन्हाळ्याचेच दिवस असल्यामुळे हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. दुकानात आपण 'दीड टनाचा एसी' मागतो. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल तितकी उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. किलोवॅटमध्ये सांगावयाचे तर सुमारे साडेतीन किलोवॅट.

आता ही उष्णता आत येते कोठून? माणसांच्या अंगातून येते, दिव्यांतून व यंत्रांतून येते, आणि पुष्कळशी खिडकीतून येते. समजा, एका कचेरीला पश्चिमेकडे दहा चौरस मीटर काच आहे. दुपारी कलते ऊन तिच्यावर दर चौरस मीटरला सहाशे वॅट या प्रमाणात पडते आहे असे धरू. साधी काच त्यातील पाचांपैकी चार हिस्से उष्णता आत सोडते, म्हणजे जवळजवळ पाच किलोवॅट. एवढी उष्णता बाहेर काढण्यास सव्वा टनाहून अधिक ताकदीचे यंत्र लागेल, आणि तेही केवळ त्या एका काचेपायी. आत बसलेली माणसे अजून हिशेबात धरलेलीच नाहीत. त्याच जागी उन्हाचा फक्त २७ टक्के भाग आत सोडणारी काच बसविली, तर अर्ध्या टनापेक्षाही कमी यंत्र पुरते. काच एकदाच बसवावयाची असते. यंत्र मात्र पुढची वीसपंचवीस वर्षे रोज वीज मागत राहते. जे एकदा करावयाचे ते चुकले म्हणजे रोज दंड भरावा लागतो, तो असा.

हे ज्ञान काही नवे नव्हे. मुंबईच्या फोर्टमध्ये १८७४ साली पुरे झालेले जुने सचिवालय ही मूळची सरकारी कचेरीच. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनियरने ते बांधले तेव्हा विजेचा पंखाही नव्हता. म्हणून त्याने कमानींचे व्हरांडे दिले, उंच छत दिले आणि जाड भिंती दिल्या. ऊन भिंतीपर्यंत पोहोचण्यापूर्वी ते व्हरांड्यात अडावे, ही त्यातील युक्ती. पुढे वातानुकूलन आले आणि युक्तीची गरज संपली असे सर्वांना वाटले. व्हरांडा गेला, छज्जा गेला, आणि पायापासून माथ्यापर्यंत काचेची इमारत ही श्रीमंतीची खूण झाली. तिची किंमत वीज भरून काढू लागली.

मग बांधणाऱ्याने चांगली काच का बसवू नये? याचे उत्तर त्याच्या दुष्टपणात शोधण्याचे कारण नाही. ते हिशेबात आहे. आपल्या शहरांत व्यापारी इमारतींतील कचेऱ्या पुष्कळदा एकेक गाळा करून विकल्या जातात. चांगल्या काचेचा खर्च बांधणाऱ्याच्या खिशातून जातो, आणि तिच्यामुळे वाचणारी वीज गाळा घेणाऱ्याच्या किंवा त्याच्या भाडेकरूच्या खिशात पडते. खर्च एकाचा आणि नफा दुसऱ्याचा, असे असता खर्च करणारा तो कशाला करील? बरे, भाडेकरूने तरी काच बदलावी, तर त्याचा करार असतो तीन किंवा पाच वर्षांचा. दुसऱ्याच्या भिंतीत आपला पैसा तो का पुरील? मुंबईकरांना हा पेच ओळखीचा आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर जुन्या चाळींची डागडुजी मालक करीना आणि भाडेकरूही करीना. छप्पर गळत राहिले. तेथील कारणे निराळी होती. पण दोघांच्या मधल्या जागेत इमारत कशी मरते, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे. विजेच्या बाबतीत ही मधली जागा बुजविणे हेच कायद्याचे काम आहे.

आपल्या देशाने पहिले बोट ठेवले ते नकाशावर. २००१ साली संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि त्याखाली १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. मे २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता निघाली. २०१७ मध्ये ती सुधारली. १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या नव्या इमारतींना ती उद्देशून आहे. तिच्यात देशाच्या हवामानाचे पाच विभाग केले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, मिश्र, समशीतोष्ण आणि थंड. सरळ नियमाने जावयाचे तर भिंतीच्या शंभर भागांत खिडक्या चाळीस भागांहून अधिक नकोत. आणि वर जो २७ टक्क्यांचा आकडा आम्ही घेतला तो याच संहितेतील उष्ण विभागांच्या, उत्तर सोडून इतर दिशांच्या काचेचा आहे. संहितेच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वसाधारण इमारतीच्या मानाने पहिल्या पायरीवर सुमारे २५ टक्के, दुसरीवर ३५ टक्के आणि तिसरीवर ५० टक्के ऊर्जा वाचावी, अशी अपेक्षा. २०२२ च्या दुरुस्तीने मूळ कायद्याची व्याप्ती आणखी वाढविली आणि राहत्या इमारतीही तिच्या कक्षेत आणल्या.

नकाशावर बोट ठेवण्याचा लाभ उघड आहे. इमारत उभी राहण्यापूर्वी भिंत कोणत्या दिशेला फिरवावयाची आणि छज्जा किती पुढे काढावयाचा, हे ठरविण्यास पैसा जवळजवळ लागतच नाही. तेच पुढे बदलावयाचे म्हटले तर फार महागात पडते. परंतु या पद्धतीच्या दोन मर्यादा आहेत. एक अशी की, दिल्लीने संहिता लिहिली तरी ती आपापल्या हवामानाला जुळवून लागू करावयाची असते राज्याने, आणि बांधकामाची परवानगी द्यावयाची असते नगरपालिकेने. ज्या पालिकेच्या टेबलावर नकाशा येतो तेथे काच ओळखणारा माणूस नसेल, तर संहिता कपाटातच राहते. दुसरी मर्यादा याहून मोठी. नकाशा मंजूर होतो त्या दिवशी कायद्याचे काम संपते आणि इमारतीचे सुरू होते. उत्तम काच लावलेल्या कचेरीत कोणी अठरा अंशांवर यंत्र लावून अंगात स्वेटर घालून बसला, तर नकाशा काय करणार? ब्यूरोच्या हिशेबाप्रमाणे तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच २०२० पासून खोलीतील नव्या यंत्रांचे तापमान कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून देण्याचा नियम झाला. आणि जी इमारत आधीच उभी आहे तिच्याकडे नव्या बांधकामाची संहिता पाहतच नाही. आज उभी असलेली बहुतेक इमारत तर आणखी तीसचाळीस वर्षे आपल्यापुढे उभी राहणार आहे.

उभ्या इमारतींना हात घालण्यासाठी इंग्लंड आणि वेल्सने दुसरी जागा निवडली: भाडेपट्टा. तेथे इमारतीला 'ए' पासून 'जी' पर्यंत एका अक्षराचे प्रमाणपत्र मिळते. 'ए' सर्वांत चांगले. २०११ च्या ऊर्जा कायद्याच्या आधारे २०१५ मध्ये नियम झाले. १ एप्रिल २०१८ पासून 'ई'च्या खालची व्यापारी जागा नव्याने भाड्याने देण्यास मनाई झाली. पुढे पाच वर्षांनी, १ एप्रिल २०२३ पासून, जुने भाडेपट्टे चालू ठेवण्यासही तीच अट लागली. नियम मोडणाऱ्या मालकास दीड लाख पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र कायदा आंधळा नाही. ज्या सुधारणेचा खर्च सात वर्षांत विजेच्या आणि इंधनाच्या बचतीतून निघत नाही, ती करण्याची सक्ती नाही. तशी नोंद करून मालकास पाच वर्षांची सूट मिळविता येते.

या योजनेतील चातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे. मालकाला वीजबिलाची फिकीर नसते, परंतु भाड्याची असते. तेव्हा कायद्याने त्याच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले. 'एफ' किंवा 'जी' अक्षराची इमारत ही विकत घेणाऱ्याला आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही धोक्याची वाटू लागते, कारण उद्या ती भाड्याने देता येणार नाही. हीच कल्पना नेदरलँड्सनेही उचलली. तेथे १ जानेवारी २०२३ पासून शंभर चौरस मीटरांहून मोठ्या कचेरीला निदान 'सी' अक्षर आवश्यक झाले, मग ती भाड्याची असो वा स्वतःची. ते नसेल तर कचेरी म्हणून जागेचा वापर करता येत नाही. जुन्या स्मारक-इमारतींना यातून वगळले आहे.

पण या अक्षरात एक व्यंग आहे. इंग्लंडमधील हे प्रमाणपत्र प्रत्यक्ष बिलावरून काढीत नाहीत. भिंत कशी, काच कशी, यंत्र कोणते, हे पाहून ठरीव वापर गृहीत धरतात आणि गणिताने अक्षर काढतात. म्हणजे हे घोड्याचे दात पाहून त्याची धाव ठरविण्यासारखे झाले. याचा एक मासला पाहा. तेथे वीज तयार करताना निघणाऱ्या कार्बन वायूचे प्रमाण कोळशाची केंद्रे बंद पडल्यामुळे खूप उतरले. म्हणून २०२२ मध्ये गणितातील विजेचा आकडा दर युनिटला ०.५१९ किलोग्रॅमवरून ०.१३६ वर आणला गेला. त्याबरोबर विजेवर ऊब घेणाऱ्या कित्येक इमारतींचे अक्षर सुधारण्याची सोय झाली. त्यांतील एकही वीट हलली नव्हती आणि एकही युनिट वाचले नव्हते. गणित खोटे होते असे नव्हे. परंतु त्या अक्षरावरून वीजबिलाचा अंदाज बांधणारा भाडेकरू मात्र फसला असता.

म्हणून काही शहरांनी आणि देशांनी तिसरी, सर्वांत सरळ जागा धरली. ती म्हणजे मीटर. न्यूयॉर्क शहराने २००९ मध्ये मोठ्या इमारतींना दर वर्षीचा ऊर्जेचा खर्च जाहीर करावयास लावले. मग २०२० पासून मोठ्या इमारतीच्या प्रवेशद्वारापाशी तिच्या श्रेणीचे अक्षर लावण्याचा नियम अमलात आला. आणि २०१९ मध्ये शहराने ९७ क्रमांकाचा स्थानिक कायदा केला. २५ हजार चौरस फुटांहून मोठ्या इमारतीने वर्षाला किती कार्बन वायू सोडावा याची मर्यादा त्याने घातली. ती २०२४ पासून लागू झाली आणि २०३० पासून ती बरीच खाली उतरावयाची आहे. मर्यादेवर जाणाऱ्या दर टनाला २६८ डॉलर दंड. मर्यादेहून शंभर टन अधिक सोडणाऱ्या इमारतीला म्हणजे वर्षाला २६,८०० डॉलर. काच बदला की यंत्र बदला, हे कायदा सांगत नाही. तो फक्त किती एवढेच विचारतो.

हे साधणे अशक्य आहे, अशी ओरड तेथेही झाली. पण त्याच शहरातील १९३१ सालच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये, हा कायदा होण्यापूर्वी दहा वर्षे, कामाला सुरुवात झाली होती. तिच्या ६,५१४ खिडक्यांची तावदाने इमारतीतच उभारलेल्या कारखान्यात नेली, दोन काचांच्या मध्ये उष्णता अडविणारा पातळ पापुद्रा घातला आणि तीच तावदाने पुन्हा बसविली. परिणाम असा की, हवा थंड करणारी मोठी यंत्रे बदलून नवी आणण्याऐवजी जुनीच दुरुस्त करून भागले. एकूण कामातून ऊर्जेचा खर्च ३८ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलरांनी कमी होईल असा अंदाज होता. यातील धडा क्रमाचा आहे. आधी ऊन अडवावे, मग यंत्र निवडावे. उलट क्रमाने गेलो तर मोठे यंत्र घेऊन बसतो आणि नंतर त्याची गरज उरत नाही.

मीटरची पद्धत मात्र पूर्ण निर्दोष आहे असे समजू नये. दंड मालकाला होतो, आणि दिवे जाळतो भाडेकरू. त्यावर तोड म्हणून न्यूयॉर्कने मोठ्या भाडेकरूंच्या जागांना निराळी मीटरे लावण्याचे बंधन घातले. दुसरी अडचण न्यायाची आहे. ज्या कचेरीत दोन पाळ्यांत माणसे दाटीने बसून काम करतात तिचे मीटर जोराने फिरते, आणि अर्धी रिकामी इमारत काटकसरी ठरते. २०२० च्या साथीत कित्येक कचेऱ्या ओस पडल्या तेव्हा वीजही वाचली. तो गुण इमारतीचा नव्हता. त्याखेरीज कायद्याच्या धाकाने जुनी इमारत पाडून नवी बांधली, तर नव्या सिमेंट-पोलादासाठी जी ऊर्जा खर्ची पडते ती या मीटरवर दिसतच नाही.

या अडचणींवर सर्वांत समजूतदार उपाय ऑस्ट्रेलियात झालेला आम्हांस दिसतो. तेथे १९९९ पासून कचेऱ्यांना तारे देण्याची पद्धत आहे. तारे मिळतात ते बारा महिन्यांच्या खऱ्या बिलांवरून, आणि कचेरी आठवड्यातून किती तास चालते याचा हिशेब धरून. मालकाच्या ताब्यातील गोष्टींचे, म्हणजे लिफ्ट, मधले जिने आणि सामाईक वातानुकूलन यांचे, तारे वेगळे. भाडेकरूच्या दिव्यांचे व यंत्रांचे वेगळे. म्हणजे दोघांच्या मधली ती जागा रेघ मारून वाटून दिली. २००६ मध्ये केंद्र सरकारने ठरविले की आपल्या मोठ्या कचेऱ्यांसाठी साडेचार ताऱ्यांहून कमी जागा घ्यावयाची नाही. सरकारसारखे गिऱ्हाईक असे म्हणू लागल्यावर बांधणाऱ्यांना ऐकणे भाग पडले. इमारत बांधण्यापूर्वीच 'आम्ही इतके तारे मिळवू' असे लेखी वचन देण्याची पद्धत तेथे रुळली. २०१० च्या कायद्याने दोन हजार चौरस मीटरांवरील कचेरी विकताना किंवा भाड्याने देताना जाहिरातीत तारे छापणे आवश्यक केले, आणि २०१७ मध्ये ही मर्यादा हजार चौरस मीटरांवर आली. तारे कमी म्हणून येथे जागा बंद होत नाही. पण झाकून ठेवण्याची सोय उरत नाही. २०२० मध्ये इंग्लंडनेही ही पद्धत ऐच्छिक म्हणून आपल्याकडे नेली, हे पुरेसे बोलके आहे.

आता आपल्याकडे वळून पाहू. मीटर वाचणारी पद्धत भारताला अपरिचित नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ मध्येच कचेऱ्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना काढली. तिचा हिशेब अगदी सोपा आहे: वर्षाची एकूण युनिटे भागिले बांधीव क्षेत्राचे चौरस मीटर. उष्ण-दमट हवेच्या गावी, अर्ध्याहून अधिक जागा वातानुकूलित असेल तर, हा भागाकार २०० च्या आत आल्यास एक तारा आणि १०० च्या खाली गेल्यास पाच तारे, असे त्या योजनेत ठरविले होते. योजना चांगली, मापही चांगले; पण ती ऐच्छिक ठेवली गेली. ज्याचा भागाकार चांगला तो तारे दारावर लावतो. ज्याचा वाईट तो अर्जच करीत नाही. परीक्षेला बसणे विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडले तर निकाल नेहमी शंभर टक्केच लागणार.

आमच्या मते नकाशा हवाच, कारण चुकीची भिंत पुढे सुधारत नाही. भाडेपट्ट्यावरील बंधनही, खर्च वसूल होण्याची मर्यादा सांभाळून, योग्य आहे; लहान मालकाला चिरडून वीज वाचविण्यात शहाणपण नाही. परंतु हे दोन्ही खरे ठरतात की नाही हे सांगणारा साक्षीदार मीटर हाच आहे, आणि त्याची साक्ष उघड्यावर व्हावी. मोठ्या कचेऱ्यांचा हा भागाकार विक्रीच्या आणि भाड्याच्या वेळी जाहीर करण्याचे बंधन आले, तर दंडाशिवायही बरेच काम होईल.

तोपर्यंत वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. श्रोत्यांपैकी कोणी व्यापारी असतील, कोणी वकील किंवा डॉक्टर असतील, कोणी बँकेच्या वा संस्थेच्या व्यवस्थापक मंडळावर असतील. जागा घेताना आपण चौरस फुटाचा भाव विचारतो, पाणी विचारतो, मोटारी ठेवण्याची सोय विचारतो. त्याबरोबर मागील बारा महिन्यांची वीजबिले मागावीत. समजा, जागा दोन हजार चौरस मीटरांची आहे आणि बिलांची बेरीज तीन लाख वीस हजार युनिटे होते. भागाकार १६० येतो. शेजारच्या तेवढ्याच जागेत तो ११० आला, तर दर वर्षी एक लाख युनिटांचा फरक आहे. आपल्या गावच्या दराने त्याला गुणून पाहावे, आणि मग कोणत्या जागेचे भाडे स्वस्त ते ठरवावे.